धूळ समजावून सांगताना

अभिनंदन! होऊ घातलेल्या खाणीशेजारच्या गावांना तब्येतीचे धोके समजावून सांगायचं काम तुमच्याकडे आलंय म्हणे. घाबरू नका. या कामात सांगायचं सगळंच असतं, फक्त कुणाला काही कळता कामा नये. त्यासाठी कायदा मोडायची गरज नाही, तो नीट वाचला की भागतं.

पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाची 2006 ची अधिसूचना उशाला ठेवा. जनसुनावणीची, म्हणजे मंजुरीआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायच्या सभेची, नोटीस निदान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात द्यायची असते. जरूर द्या. ज्या पाड्यावर पेपर भजी बांधूनच पोचतो, तिथे बातमी शिळी झाली तरी तेलकट होऊन का होईना, पोचेल. स्थानिक भाषेत गोषवारा द्यावा लागतो, जाडजूड अहवाल इंग्रजीत चालतो. तेव्हा फुप्फुसं अहवालात घाला आणि वृक्षारोपण गोषवाऱ्यात. आणि हो, सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची अटच नाही. रिकाम्या खुर्च्यांनाही धोके समजावता येतात, आणि खुर्च्या फार समजूतदार असतात.

जागेबद्दल अधिसूचना म्हणते, प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा जवळपास. आता ‘जवळपास’ला काही माप आहे का? सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात. तिथलं उत्खनन वाढवण्याची सुनावणी 2022 च्या ऑक्टोबरात झाली ती गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात. मधे शंभरावर किलोमीटर. ज्याला खरंच धोका वाटतो तो येईल की पहाटे उठून!

भाषेचं म्हणाल तर स्थानिक भाषा म्हणजे मराठी, आणि मराठी म्हणजे आपली सरकारी मराठी. घरात माडिया ही तिथली आदिवासी भाषा बोलणाऱ्या माणसाला ‘श्वसनयोग्य सूक्ष्मकणांची पातळी अनुज्ञेय मर्यादेत राहील’ असं ठणकावून सांगा. मी हे वाक्य पुण्यात एका मराठीच्या प्राध्यापकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, कुठल्या पिकाबद्दल आहे?

मग आकडे. धुळीच्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी आपली 24 तासांची मर्यादा घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये याच मोजणीसाठी 45 सांगितलेत, पण ते लोक जिनिव्हात बसतात, त्यांची फुप्फुसं नाजूक. खरी जादू आहे ती ‘24 तासांत’. ट्रकांची रांग गेली की अर्धा तास समोरचं घर दिसत नाही, हे खरं. पण रात्री दोन वाजता दिसतं ना? म्हणजे, अंधारात दिसत नाही, पण धूळ नसते. दोन्हींची सरासरी काढा. माणूसही सरासरीनेच श्वास घेतो असं गृहीत धरा.

सिलिकोसिस हा शब्द मात्र शक्यतो उच्चारू नका. लोखंडाच्या दगडात गारगोटी असते, ती फोडताना बारीक भुकटी उडते, वर्षानुवर्षं छातीत बसते आणि ती काढणारं औषध नाही, हे सांगितलं तर लोक उगाच शांतपणे ऐकायला लागतात. त्यापेक्षा टीबी बरा. खोकला तोच, दम तोच, वजन उतरणं तेच, आणि गोळ्या सरकार फुकट देतं. शिवाय टीबी कुणाचाच नसतो, सिलिकोसिसला मालक असतो. कायद्याप्रमाणे तो कळवावा लागणारा रोग आहे. तोही कामगाराला झाला तर. रस्त्याकाठच्या झोपडीत बसून जिने नुसता श्वास घेतला, ती कुठल्या हजेरीपटावर आहे?

खड्ड्यात साचलेल्या पाण्याचा आणि डासांचा विषय निघाला तर म्हणा, गडचिरोलीत मलेरिया आधीपासूनच आहे. यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

शेवटी एक आरोग्य शिबिर लावा. बीपी मोजा, कॅल्शियमच्या गोळ्या वाटा, चष्मे वाटा. खाणवाल्यांच्या पैशातून भरणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी 2015 पासून आहेच, त्यात आरोग्याला आणि पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम आहे, हेही कानावर घाला. आजार आणि दवाखाना दोन्ही एकाच डोंगरातून निघतात, याहून स्वयंपूर्ण खेडं कुठलं? छातीचा एक्स-रे मात्र शिबिरात नको. आज काढलेला एक्स-रे पंधरा वर्षांनी कुणीतरी नव्याच्या शेजारी धरून बघतो.

एवढी तयारी करूनही एक बाई उठेलच. ती उठतेच. मांडवाच्या कडेला खाली बसलेली असते, पदर सावरत उभी राहते, माईक हातात न घेता बोलते. चार मिनिटं. हात आधी डोंगराकडे जातो, मग जमिनीवर गोल फिरतो, मग छातीवर. अंगणात मोहाची फुलं वाळत घालतो. वरून लाल धूळ बसली तर काय करायचं? धुतली तर बुरशी धरते, नाही धुतली तर तीच पोटात जाते. विकायला नेली तर व्यापारी मुठीत घेऊन बघतो आणि भाव पाडतो. आणि झाडताना आम्हालाच खोकला येणार, तर झाडायची कुणी?

भाषांतराला बसवलेला पोरगा तुमच्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘‘ती विचारते, धुळीचं काय?’’

इथे गडबडू नका. पाण्याचा टँकर रोज दोनदा फिरेल असं सांगा. (सुनावणीच्या दिवशी तो चारदा फिरलेला असतो, लोकांनी पाहिलेला असतो.) इतिवृत्त त्याच दिवशी वाचून दाखवावं लागतं आणि त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही लागते, म्हणून कारकुनाला आधीच जवळ बसवा. तो जुना माणूस आहे. त्याने लिहून ठेवलेलं असेल: ‘‘एका महिलेने मोहफुलांच्या बाजारभावाविषयी विचारणा केली. सदर बाब प्रकल्पाशी संबंधित नाही.’’