फिल्टरवाला सेल्फ-रेस्क्यूअर म्हणजे ऑक्सिजनचं सिलिंडर नव्हे

नागपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणींच्या कामगारांमध्ये फिल्टरवाल्या सेल्फ-रेस्क्यूअरबद्दल (आगीच्या वेळी तोंडाला लावून श्वास घेत बाहेर पडायचा डबा) मेसेज फिरतोय: ‘कमरेला सेल्फ-रेस्क्यूअर असला की कोणत्याही गॅसमध्ये शिरता येतं.’ हे साफ चुकीचं, जिवावर बेतणारं आहे.

फिल्टरच्या डब्यातलं हॉपकलाइट हे रसायन विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतं, बस्स. ऑक्सिजन देत नाही. हवेत एरवी सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. मिथेन साचलेल्या जुन्या, बंद भागात तो फार घटतो, तिथे हा डबा निरुपयोगी. आगीच्या धुरातून बाहेर पडताना मात्र तोच वाचवतो. त्यातून येणारी हवा तापते, तोंड पोळतं, म्हणून काहीजण तो मध्येच काढतात. काढू नका! हवा तापतेय म्हणजे तो काम करतोय.

ओल लागली की हॉपकलाइट निकामी होतं. म्हणून सील तुटलेला, चेपलेला किंवा वजन वाढलेला डबा खाली नेऊच नका, लॅम्परूममध्येच (खाणीत उतरण्याआधी दिवे घेतो त्या खोलीत) बदलून घ्या.