विकावं आणि जावं

परवा घरच्या ग्रुपवर मामेभावाने लिहिलं, "१६० फुटांच्या खोलीचे ५०० फूट होतात, तेही फुकट. अजून काय पाहिजे या चाळवाल्यांना? मेंटेनन्स परवडत नसेल त्यांनी विकावं आणि जावं बदलापूरला." वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यावरून हा विषय निघाला.

त्या चाव्यांचा मला मनापासून आनंद आहे. सामायिक संडासापुढे बादली घेऊन मीही रांग लावली आहे, चाळीचे गोडवे मला सांगू नयेत. पण "विकावं आणि जावं" हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी बर्लिनला, नॉयकोल्नमध्ये राहते. आमच्या गल्लीला मिलिउशुट्झ आहे, म्हणजे जुने रहिवासी टिकावेत म्हणून वस्तीला दिलेलं कायद्याचं संरक्षण. घरात महागड्या सुधारणा करून भाडं चढवायचं तर मालकाला आधी बेत्सिर्कची, म्हणजे शहराच्या त्या विभागाच्या कार्यालयाची, परवानगी लागते. २०२० मध्ये शहराने भाडी गोठवली, पुढच्या वर्षी घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. तरी लोक गप्प बसले नाहीत. त्याच सप्टेंबरात मोठ्या कंपन्यांची घरं सरकारजमा करा, असा कौल मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी दिला. परवडत नाही तर चालते व्हा, असं इथे शेजाऱ्याला कुणी सहज म्हणत नाही.

गिरणगावाला कुणी काय विचारलं? १९८२ चा संप बुडाला. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची उरली. शेड पाडून निघालेली जमीन मालकाकडेच. मामेभाऊ पोरांना घेऊन जातो तो लोअर परळचा मॉलही गिरणीच्याच जागेवर आहे, चिमणी अजून उभी आहे तिथे.

आमच्या इमारतीखाली एका तुर्की शिंप्याचं दुकान होतं. माझ्या कोटाच्या बाहीवर तो निळ्या खडूची रेघ ओढायचा आणि टाचण्या ओठांत धरूनच आईची चौकशी करायचा. दुकानांच्या भाड्याला घरांसारखं संरक्षण नाही. तो गेला, तिथे कॉफीचं दुकान आलं. शनिवारी सकाळी मी तिथेच बसते. नव्या कराराचं चढं भाडं मुकाट भरणारी, बाहेरून आलेली भाडेकरू मीच आहे. माझ्या आधी त्या घरात कोण होतं, हे मी कधी विचारलं नाही.

आणि लालबागची आमची पागडीची खोली बाबांनी विकली ती माझ्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची जी रक्कम आधीच बँकेत अडकवून दाखवावी लागते तिच्यासाठी. आईबाबा डोंबिवलीला गेले. हे मामेभावाला ठाऊक आहे, म्हणून त्याला उत्तर लिहायला बसले की हात अडतो.

गणपतीत बाबा पहाटेची लोकल पकडून चिंचपोकळीला उतरतात. यंदा जुन्या चाळीच्या जिन्याखालून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं, "बाबा, वर जा ना, गॅलरी दाखवा." ते म्हणाले, "अगं, आता वर कुणाकडे जाऊ?"