ब्लॉकचेनवर मराठी लेखक यायचे असतील तर

दिवाळी अंकांचे दिवस आले की आमच्या ग्रुपवर मानधनाचा विषय निघतोच, आणि यंदा एकाने ठासून मांडलं की मराठी लेखकांनी आता संपादक-प्रकाशकांची वाट बघू नये, सरळ ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या आणि मागचं पुसता न येणाऱ्या नोंदवहीवर लिहावं, वाचकाने लाइक केलं की पैसे खात्यात. लेखकाला पैसे मिळायलाच हवेत, यावर माझं दुमत नाही. पण मी म्युनिकला राहते आणि लेखकाला पैसे पोचवायची एक वेगळी पद्धत इथे रोज बघते, म्हणून लिहितेय.

२०१६ला स्टीमिट ही ब्लॉकचेनवरची लेखनाची साइट आली ती याच बोलीवर. लेख टाका, सात दिवस मतं पडणार, मग टोकन, म्हणजे बाजारात विकता येणारं क्रिप्टो नाणं मिळणार. पण ज्याच्याकडे टोकन जास्त त्याच्या मताला वजन जास्त, त्यामुळे कथा चांगली असण्यापेक्षा मोठ्या खातेदाराच्या नजरेत भरणं महत्त्वाचं झालं, आणि वाचणारेच क्रिप्टोवाले म्हटल्यावर लिहिणारेही क्रिप्टोवरच लिहायला लागले. २०१८च्या नोव्हेंबरात कंपनीने सुमारे ७० टक्के माणसं कमी केली, २०२०च्या फेब्रुवारीत ती ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सनने विकत घेतली, आणि मार्चमधे नाराज मंडळी हाइव्ह नावाची वेगळी चेन काढून तिकडे गेली. वर्षाला तीन-चार कथा लिहिणाऱ्या माझ्या मावशीला या भांडणाशी काय घेणं?

इथे फाउ गे वोर्ट नावाची लेखकांची संस्था आहे, १९५८पासूनची. ऑनलाइन लेखात एक छोटा मोजणी-कोड टाकायचा, लेख किमान १८०० अक्षरांचा हवा आणि वर्षात १५०० वेळा उघडला गेला पाहिजे, की लेखकाला युरोत पैसे. येतात कुठून, तर प्रिंटर, फोन असल्या नक्कल करता येणाऱ्या वस्तूंच्या विक्रीवर लागणाऱ्या कॉपीशुल्कातून. लेखकाला वॉलेट, म्हणजे क्रिप्टो ठेवायचं डिजिटल पाकीट लागत नाही, आणि त्याची गुप्त किल्लीही जपावी लागत नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टो विकून झालेल्या फायद्यावर ३० टक्के कर आहे, जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, तोटा कशातच वळता करता येत नाही. जर्मनीत वर्षभर ठेवून विकलं तर तो फायदा करमुक्त. म्हणून इथल्या मित्रांना हे सोपं वाटतं, नाशिकच्या लेखिकेला नाही वाटणार. तिला फोनवर ओटीपीने लॉगिन होऊन रुपये यूपीआयने आले पाहिजेत, हिशोबाची पावती मराठीत पाहिजे आणि पासवर्ड हरवला तर दाद मागायला माणूस पाहिजे. खाली चेन कुठलीही असो.

खोडायचा हक्कही हवाच हवा. चेनवर लेख बदलला तरी जुना मजकूर मागे राहतोच. घरातल्या माणसांवर लिहिणाऱ्या बाईला हे कसं परवडेल? मजकूर बाहेर साठवा आणि चेनवर फक्त त्याची खूण ठेवा, हे आजही करता येतं.

आणि पैशाइतकाच वाचकही हवा. मायबोली ही मराठी साइट १९९६पासून चालू आहे, तिथे लोक मानधनाशिवाय लांबलचक लिहितात, कारण रात्री लेख टाकला की सकाळी पुण्याहून, न्यू जर्सीहून कुणीतरी नीट वाचून तिसऱ्या परिच्छेदाबद्दल बोललेलं असतं.