शर्यत संपल्यावर घोडा जातो कुठे?

पुण्यात पावसाळा म्हणजे रेसचा सीझन. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कॅम्पातल्या रेसकोर्सवर घोडे पळतात, मग सगळा लवाजमा मुंबईला महालक्ष्मीला हलतो. आमचा कट्टा फातिमानगरच्या बाजूला, त्यामुळे रेस सुटली की गळ्यात दुर्बीण आणि हातात रेसबुक घेतलेली मंडळी आमच्याच टपरीवर चहाला टेकतात. आप्पा त्यातलेच. तरुणपणापासून रेस बघतायत, खेळतातही, पण खिशाबाहेर कधी गेले नाहीत. गेल्या रविवारी ते येऊन बसले आणि दत्ताने तोंड उघडलं.

"आप्पा, आमचा बैल पळाला तर सात वर्षं बंदी. तुमच्या घोड्याला मात्र बंदी काय ते बघायलाच मिळालं नाही. हे कोणत्या न्यायाने?"

दत्ता मंचरकडचा. घरी बैलगाड्याचे बैल आहेत. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या, तेव्हापासूनचा हा राग आहे. राज्याने 2017 साली कायदा केला, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळायला 2021 चा डिसेंबर उजाडला आणि घटनापीठाने तो कायदा उचलून धरला 18 मे 2023 ला. या सगळ्या तारखा दत्ताला तोंडपाठ आहेत.

"अरे, बैल पळण्यासाठी नाहीच," आप्पा म्हणाले. "कोर्टानेच म्हटलंय की बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्याची नाही. घोड्याला पळायला आवडतं. मोकळा सोड, आपणहून पळेल."

"मोकळा सोडला तर ना! पाठीवर माणूस आणि हातात चाबूक घेऊन कोण आपणहून पळतं? आणि आमच्या घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढं घोडीच पळते. तिचं नाव कोणी काढलं नाही त्या कोर्टात."

इथे मला बोलल्याशिवाय राहवेना. रेसवाले 1996 च्या ज्या निकालाचा आधार घेतात, तो घोड्यासाठी नव्हताच. तमिळनाडू सरकार आणि मद्रास रेस क्लबच्या त्या खटल्यात प्रश्न होता की घोड्यावर पैसे लावणं हा जुगार आहे का. कोर्ट म्हणालं, नाही, हा कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची पैदास, त्याचा सराव, जॉकीची हुशारी यावर निकाल ठरतो. ते प्रकरण पैसे लावणाऱ्याच्या हक्काचं होतं. 2014 च्या निकालात मात्र थेट बैलाचा हक्क तपासला गेला. शिवाय बैल 2011 पासून केंद्राच्या त्या यादीत आहे, ज्यातल्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत. अस्वल, माकड, वाघ, सिंह आहेत तिथे, घोडा नाही. म्हणजे दत्ताच्या बैलाला जो प्रश्न विचारला गेला, तो आप्पांच्या घोड्याला त्या निकालात कोणी विचारलाच नाही. दत्ताची तक्रार खरी आहे. पण त्यावरून "आम्हालाही कोणी विचारू नका" असं निघत नाही, हेही मी त्याला ऐकवलं.

इम्रान तोवर गप्प होता. त्याचे अब्बा सईस होते, आयुष्य तबेल्यात गेलं. तो म्हणाला, "तुम्ही शर्यतीचंच बोलताय. शर्यत बहुतेक वेळा दोन मिनिटांची पण नसते. घोडा राहतो कुठे ते बोला."

मग त्याने जे सांगितलं ते रेसबुकात छापलेलं नसतं. अब्बा पहाटे अंधारात उठून जायचे. आधी खरारा, मग चारही पाय. तळहात गुडघ्याखाली ठेवून हळूहळू खुरापर्यंत खाली आणायचा, एकदा पुढून, एकदा मागून, शिरेच्या कडेने. कुठे हाताला किंचित गरम लागलं, तर त्या दिवशी घोडा जोरात पळवायचा नाही, ट्रेनरला सांगायचं. "अब्बांना फक्त हात लावून कळायचं. पण सांगून उपयोग व्हायचाच असं नाही. मालकाने रविवारची एंट्री भरलेली असायची."

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ या एका वाक्यात आहे. घोड्याचं दुखणं ज्याच्या हाताला पहिलं कळतं, त्याच्या शब्दाला सर्वात कमी किंमत. तो पगारही सर्वात कमी घेतो, आणि घोड्याचा चावा लागला, लाथ बसली तरी पहिला तोच.

"आणि व्यायाम झाला की घोडा परत पेटीत, म्हणजे तबेल्यातल्या त्याच्या कोठडीत," इम्रान म्हणाला. "दिवसातले बावीस-तेवीस तास. काही घोडे मग दार चावत बसतात, दात लावून हवा ओढतात. काही नुसते डावीकडे-उजवीकडे डुलत राहतात. लहानपणी मला वाटायचं नाचतोय."

वैशाली जनावरांची डॉक्टर. तिने त्यात भर घातली. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, कारण हा प्राणी दिवसभर चरण्यासाठी घडलाय. त्याला गवत थोडं आणि दाणा भरपूर दिला, वर तासन् तास उपाशी ठेवलं, की जठरात जखमा होतात. सराव चालू असलेल्या रेसच्या घोड्यांत हे दुखणं अपवाद नाही, बहुतेकांत सापडतं. जोरात पळताना फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात तेही नेहमीचं. नाकातून रक्त क्वचितच बाहेर येतं, म्हणून लोकांना दिसत नाही.

आप्पांनी मान हलवली. "पण आमच्या घोड्यांना डॉक्टर असतो, नालबंद असतो, उत्तम हरभरा असतो. टांग्याच्या घोड्याला हे मिळतं का? मुंबईत व्हिक्टोरिया बंद करायला 2015 साली हायकोर्टाला सांगावं लागलं, इतके त्यांचे हाल होते."

हे खरंच आहे, आणि मी ते नाकारत नाही. पळत असेपर्यंत रेसच्या घोड्याची बडदास्त कुणालाही मिळणार नाही अशी असते. माझा प्रश्न पळणं थांबल्यानंतरचा आहे. त्याकडे येतोच, पण त्याआधी वयावरून बरीच जुंपली.

आपल्याकडे सगळ्या थरोब्रेडचा, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्यांचा, वाढदिवस 1 जानेवारीला धरतात. एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरूही कागदावर त्याच दिवशी एक वर्षाचं होतं. दीड-पावणेदोन वर्षांचं असताना पाठीवर खोगीर येतं आणि दोन-तीन वर्षांच्या वयात ते शर्यतीत उतरतं. दत्ता म्हणाला, "एवढ्या वयाचा खोंड आम्ही घाटात नाही जुंपत." माझंही म्हणणं होतं की शर्यतीचं वय तीनवर न्यावं. मला वाटलं वैशाली लगेच माझ्या बाजूने येईल. आली नाही. ती म्हणाली, "मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, हे बरोबर. पण कोवळ्या वयात थोडं थोडं वेगात पळालेल्या घोड्याचं हाड उलट भक्कम होतं, हेही संशोधनात दिसलंय. हाड भार ओळखतं आणि तसं घडतं. वाईट आहे ते पेटीत उभं ठेवणं आणि मग एकदम पूर्ण वेगाने पळवणं. तुम्ही वय तीनवर नेलंत आणि तोपर्यंत त्याला मोकळं रानच दिलं नाहीत, तर काही साधणार नाही." हे ऐकल्यावर वयाचा मुद्दा मी जरा खाली ठेवला. मोकळं रान हा मुद्दा जास्त मोठा आहे.

चाबकावर आप्पा चिडले. "तो इशारा असतो, मार नव्हे." नॉर्वेने 1982 पासून शर्यतीत घोड्याला पळवण्यासाठी चाबूक मारणं बंद केलंय, तिथे रेस चालू आहे. ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत सहाच्या वर फटके चालत नाहीत, आणि शिकाऊ जॉकींच्या काही शर्यती तर अजिबात न मारता होतात. त्या शर्यतींची नेहमीच्या शर्यतींशी तुलना झाली, तेव्हा वेळेत किंवा सुरक्षिततेत फरक आढळला नाही. घोड्याच्या कातडीला माणसाएवढंच दुखत असावं, हेही 2020 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासातून पुढे आलं. इशाराच द्यायचा असेल तर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, दमलेल्या जनावरालाच तो का द्यावा लागतो?

मग दत्ताने साधा प्रश्न केला. बैलाचा पाय मोडला तर आम्ही पट्टी बांधतो, महिना-दोन महिने बसवून ठेवतो. घोड्याला लगेच का मारतात?

वैशालीने बाकावर हात ठेवून दाखवलं. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला स्नायूच नाही. हाड, शिरा आणि कातडी, बस. वजन चारशे-पाचशे किलो. मोडलेला पाय उचलून धरला की सगळा भार उरलेल्या पायांवर जातो आणि तिथलं खूर आतून सुटायला लागतं. अमेरिकेतला बार्बारो 2006 ची केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी पुढच्या मोठ्या शर्यतीत त्याचा मागचा पाय मोडला. पैशाची कमी नव्हती, उत्तम दवाखाना होता, शस्त्रक्रिया झाल्या. आठ महिने झुंजला आणि जानेवारी 2007 मध्ये खुरांच्या दुखण्यापायीच त्याला झोपवावं लागलं. एवढ्या खर्चानंतर ही गत, तर साध्या घोड्याचं काय होणार?

पण हे नशिबावर सोडण्यासारखं नाही. अमेरिकेत 2009 पासून मोजदाद सुरू झाली, तेव्हा दर हजार धावांमागे (एक घोडा एका शर्यतीत पळाला की एक धाव) दोन घोडे जीव गमावत होते. कॅलिफोर्नियातल्या सँटा अनिटावर 2018-19 च्या एकाच सीझनमध्ये तीसेक घोडे गेले, लोक भडकले, राष्ट्रीय कायदा आला. शर्यतीआधी तपासणी, औषधांवर बंधनं, मैदानाची देखरेख. 2024 साली त्या नियमाखालच्या मैदानांवर हा आकडा हजारी 0.90 वर आला. मोजायला लागले म्हणून कमी झाला. आमच्या आप्पांच्या रेसबुकात घोड्याचा बाप, आई, वजन, जॉकी, मागच्या शर्यती, सगळं छापलेलं असतं. किती घोडे त्या सीझनमध्ये गेले, हा रकाना नसतो.

आता माझा मुख्य मुद्दा. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगतो. शर्यती संपतात सहाव्या-सातव्या वर्षी, कित्येकांच्या त्याआधीच. चांगल्या घराण्यातली घोडी स्टडवर, म्हणजे पैदाशीच्या फार्मवर, जाते, एखादा नर नाव काढतो, काही रायडिंग क्लबात, काही पोलिसांत. उरलेले?

पुण्याला याचं एक उत्तर फार जवळून माहीत आहे. पूनावाला स्टडचे निवृत्त घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, त्यांच्या रक्तातून लस आणि प्रतिविषासाठीचं सीरम काढायला. आपण देतो ते घोडे आपणच का वापरू नयेत, या विचारातून 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आजही सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तातूनच येतं. घोड्याला विषाचे बारीक डोस टोचतात आणि मग त्याचं रक्त घेतात.

"मग हे वाईट का?" आप्पांनी विचारलं, आणि प्रश्न चोख होता. देशात सापाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं मरतात, बहुतेक शेतावरची. दत्ताच्या चुलत्याला घोणस चावली होती, तो या औषधावरच वाचला. मी या वापराला विरोध करणार नाही. पण ज्या घोड्याने मालकाला ट्रॉफी दिली त्याने पुढे रक्तही द्यायचं, आणि त्याचा हिशोब कुठेच नाही, हे मला मान्य नाही. तिथे त्याला पेटी मिळते की रान, किती वर्षं रक्त घेतात, म्हातारा झाल्यावर कुठे ठेवतात, हे त्याच्या नावासमोर लिहिलेलं असायला हवं. वरातीत ढोल-ताशांपुढे उभ्या केलेल्या घोड्याच्या बाबतीतही तेच. बावरलेला, कान मागे टाकलेला थरोब्रेड वरातीत कधी दिसला, तर तो कुठून आला हे विचारून बघा.

"बंद करा म्हणणं सोपं आहे," इम्रान म्हणाला. "उद्या बंद झालं तर हजारो सईस रस्त्यावर आणि घोडे पहिले." रेस क्लब आधीच अडचणीत आहेत. बाजीच्या पूर्ण रकमेवर आधी 28 टक्के जीएसटी होता, आता सप्टेंबर 2025 पासून 40. चेन्नईतल्या गिंडी रेसकोर्सची जमीन 2024 मध्ये तमिळनाडू सरकारने ताब्यात घेतली. महालक्ष्मीच्या मैदानाचा मोठा भाग बागेसाठी गेला. सिंगापूरने रेस कायमची थांबवली ती 5 ऑक्टोबर 2024 ला. पण जाहीर केलं होतं जून 2023 मध्ये, आणि घोडे बाहेर पाठवायला त्यानंतरही मुदत दिली. आपल्याकडे असं टप्प्याटप्प्याने होईल, यावर कट्ट्यावर कुणाचाच विश्वास नाही. म्हणून मी आज बंदी मागत नाही. नोंद मागतो. शिंगरू जन्मल्यापासून मरेपर्यंत एक नंबर, एक उघडं रजिस्टर, घोडा विकला तर घेणाऱ्याचं नाव त्यात, आणि प्रत्येक बाजीतला ठराविक वाटा निवृत्त घोड्यांच्या नावाने बाजूला. जो खेळ हे करू शकत नाही, त्याने खेळ म्हणून तोंड वर करून फिरू नये. प्राण्यांना निर्दयपणे वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे धाकाने हे होणार नाही. क्लबांवर आतूनच दबाव आला पाहिजे, म्हणजे आप्पांसारख्या रेस खेळणाऱ्यांकडून.

इम्रानने आप्पांचं रेसबुक घेतलं आणि गेल्या वर्षीचं त्यांच्या पिशवीतून काढायला लावलं. पेनाने एकेक नाव ताडून बघू लागला. गेल्या वर्षीच्या एकाच शर्यतीतल्या घोड्यांपैकी अर्धे यंदाच्या बुकात नव्हते. आप्पांनी त्यातल्या एकावर पैसे लावले होते आणि जिंकलेही होते. कुठे आहे तो? त्यांनी दोघा-तिघांना फोन लावले. एकाने सांगितलं स्टडवर असेल, दुसऱ्याने सांगितलं विकला.

वैशाली आता क्लबच्या नावे अर्ज लिहितेय. मागण्या तीन: प्रत्येक घोड्याचं उघडं रजिस्टर, सीझनअखेर मृत घोड्यांचा आकडा, आणि चाबूक बंद. पहिल्या दोनवर आप्पा सही करणार आहेत. तिसऱ्यावर नाही म्हणतात, तो वाद अजून चालू आहे. दत्ताकडून वैशालीने कबूल करून घेतलंय की असंच रजिस्टर बैलगाड्याच्या बैलांचंही असावं, असा दुसरा अर्ज तो स्वतः आंबेगाव तालुक्यात फिरवेल.