हाकेच्या अंतरावर

बदलीची ऑर्डर हातात पडली तेव्हा पहिले दोन दिवस आम्ही घरात उगाचच खुशीत होतो, नवीन शहर, नवीन ऑफिस, पगारही थोडा वाढणार, आणि तिसऱ्या दिवशी बायकोने साधा प्रश्न विचारला की "पण राहायचं कुठे?" आणि तेव्हापासून दोन महिने माझी झोप उडाली ती उडालीच.

अटी दोनच होत्या. एरिया सेफ पाहिजे आणि भाडं परवडलं पाहिजे. ऐकायला किती गरीब वाटतात ना बिचाऱ्या? पण या दोघी म्हणजे सख्ख्या जावा, एका घरात नांदायचं नावच घेत नाहीत. एरिया सेफ असेल तर भाडं ऐकून चक्कर येते आणि भाडं ऐकून जिवात जीव आला तर तिथे गेल्यावर तोच जीव मुठीत धरायला लागतो.

सुरुवात मी सगळे करतात तशीच केली, म्हणजे दिसेल त्याला विचारत सुटलो. मावसभाऊ तिथे बारा वर्षांपूर्वी आठ महिने राहिलेला, त्यामुळे तो एक्स्पर्ट. त्याने ठासून सांगितलं, "नदीपलीकडे अजिबात जाऊ नकोस." मग ऑफिसातल्या एकाचे सासरे तिथलेच निघाले, त्यांना फोन लावला तर तेही म्हणाले नदीपलीकडे नकोच. मी खूश, दोन साक्षीदार एकमताने बोलले. नंतर कळलं की मावसभाऊ राहायचा नदीच्या या काठाला आणि सासरे त्या काठाला, म्हणजे हिशोबाने मी नदीतच राहायला हवं होतं. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं की प्रत्येकाच्या मते तो स्वतः राहतो तेवढी गल्ली सोडून बाकी शहर म्हणजे चोरांचा बाजार. आणि परवडणारं म्हणजे काय, तर त्याने ज्या वर्षी घर घेतलं त्या वर्षीचा भाव.

भाड्याचं गणित लिफ्टमध्ये एकाने शिकवलं. पगाराच्या ३० टक्क्यांच्या वर भाडं द्यायचं नाही, बस. इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की मला वाटलं गुरुत्वाकर्षणासारखं काहीतरी असणार. शोधून बघितलं तर १९६९ साली अमेरिकेत सरकारी घरात राहणाऱ्यांसाठी भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये असा कायदा झाला, १९८१ साली तो आकडा त्यांनी ३० वर नेला, आणि तिथून सुटलेला तो ३० फिरत फिरत मला आमच्या लिफ्टमध्ये येऊन भेटला. बरं, मी तोही पाळायला तयार होतो, पण माझ्या ३० टक्क्यांत जी घरं बसत होती ती सगळी शहर संपल्यावर थोडं पुढे. दोन बस बदलून ऑफिसला एक तास वीस मिनिटं, तेवढंच परत यायला. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली असं मांडलं होतं की माणूस पायी जायचा तेव्हापासून ते गाड्या आल्या तरी दिवसाला साधारण एकच तास प्रवासात घालवत आलाय, वाहनं फास्ट झाली की तो फक्त अजून लांब राहायला जातो. म्हणजे मी जवळजवळ पावणेतीन माणसांचा प्रवास एकटा करणार होतो. वर बसचं भाडं वेगळं, ते त्या ३० टक्क्यांत कोणी धरतच नाही.

मग क्राइम मॅप सापडला. लाल, केशरी, पिवळे ठिपके. बायको बघून म्हणाली, "शहराला गोवर आलाय का?" दोन रात्री आम्ही तो नकाशा झूम करून करून बघितला आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला की मुख्य बाजाराचा भाग एवढा लालभडक का, तर तिथे राहणारे मूठभर आणि दिवसभर येणारे जाणारे हजारो, पण गुन्ह्यांचा दर काढताना भागाकार मात्र राहणाऱ्यांच्याच संख्येने करतात, त्यामुळे एखाद्याचं पाकीट मारलं गेलं की तिथल्या चार कुटुंबांची अब्रू गेली. आणि जिथे लोक तक्रार द्यायलाच जात नाहीत तो एरिया हिरवागार, शांत, सज्जन. लॉस एंजेलिसची तर गंमतच आहे, तिथे २००९ साली उघडकीला आलं की पोलिसांच्या ऑनलाइन नकाशावर ज्या गुन्ह्यांचा पत्ता कॉम्प्युटरला उमगत नव्हता ते सगळे तो सरळ एका ठरलेल्या जागेवर नेऊन टाकत होता, आणि ती जागा होती सिटी हॉलजवळची. नकाशावर तिथे रोजच दरोडे. हे वाचल्यावर मी नकाशा बंद केला.

मधे एका गणितवाल्या मित्राने ३७ टक्क्यांचा नियम गळ्यात मारला. (मला टक्केवारीतच मरण होतं बहुतेक.) वीस घरं बघणार असशील तर पहिली सात नुसती बघायची, कितीही आवडली तरी घ्यायची नाहीत, आणि आठव्यापासून पुढे त्या सातांपेक्षा जे पहिलं सरस दिसेल ते डोळे मिटून घ्यायचं. मी पाळला नियम, अगदी व्रतासारखा. तिसरं घर सोन्यासारखं होतं, उजेड, पाणी, खाली राहते घरमालक, भाडं पण बसत होतं. शास्त्राला स्मरून त्याला नाही म्हटलं. बाराव्या घरात भिंतीवरची ओल बघताना कळलं की तिसऱ्याच्या तोडीचं आता काही येणार नाही, तिथूनच फोन लावला, तर ते त्याच संध्याकाळी गेलं होतं. मित्राला झाडलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला की हा नियम नीट पाळला तरी सगळ्यात चांगलं घर मिळायची शक्यता ३७ टक्केच असते. हे आधी सांगायचं नसतं का!

ब्रोकरांची भाषा हा वेगळाच विषय. 'शांत परिसर' म्हणजे बस येत नाही. 'मोक्याची जागा' म्हणजे बेडरूमच्या खाली सिग्नल. 'विकसित होणारा भाग' म्हणजे रस्ता व्हायचाय. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे 'हाकेच्या अंतरावर'. बसस्टॉप हाकेच्या अंतरावर, दवाखाना हाकेच्या अंतरावर. एका ब्रोकरला मी विचारलं, "साहेब, कोणाची हाक?" तो हसला. मग मी त्याला ऐकवलं की जपानात घराच्या जाहिरातीत चालत किती मिनिटं असं लिहायचं तर ८० मीटरला एक मिनिट धरावं लागतं, तेही रस्त्याने मोजून, आणि वर दहा-वीस मीटर उरले तरी पूर्ण एक मिनिट धरायचं. तो म्हणाला, "सर, मग तुम्ही जपानात बघा ना." त्याचंही बरोबरच होतं.

असो. खरी शिकवणी बायकोने घेतली. मी एक एरिया फायनल करून आलो, झाडं, रुंद रस्ता, भारी वाटलं. तिने विचारलं, "किती वाजता गेला होतास?" म्हटलं, "दुपारी बारा." "दुपारी बाराला जगातला कुठलाही एरिया सेफच असतो. चल, रात्री जाऊ."

रात्री साडेदहाला गेलो. मी आपला म्हणतोय, "बघ, किती शांत आहे." ती म्हणाली, "शांत नाही, सुनसान आहे." आणि मग ती मला एकेक दाखवत गेली. स्टॉपवरून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी लांबलचक कंपाउंडच्या भिंती, एक खिडकी रस्त्याकडे उघडत नाही. दिव्याचे खांब आहेत पण दिवे अडकलेत झाडाच्या फांद्यांत, म्हणजे उजेड पानांना, खाली काळोख. दुकान एकच, त्याचं शटर आठलाच खाली. ती म्हणाली, "या पट्ट्यात मी रोज कोणाशी तरी फोनवर बोलल्याचं नाटक करत चालले असते." मी विचारलं, कशाला? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं विचारलं नाही. इतक्या वर्षांत मला एकदाही फोनवर खोटं बोलत घरी यावं लागलेलं नाही, आणि मी निघालो होतो आम्हा दोघांसाठी सेफ एरिया निवडायला.

त्यानंतर आम्ही सगळं रात्रीच बघायला लागलो. एक मोठी सोसायटी होती, गेटवर वॉचमन, कॅमेरे, बोर्डावर लिहिलेलं 'सुरक्षेला प्राधान्य'. मी मुद्दाम एका बंद घरासमोर वीस मिनिटं उभा राहिलो, मोबाइलची टॉर्च लावून कुलूप वाकून बघितलं, खिडकीच्या गजाला हात लावून बघितला. तीन माणसं शेजारून गेली, तिघांच्या कानात हेडफोन. जाताना वॉचमनने सॅल्यूट मारला. मला इतकं भारी वाटलं आणि लगेच इतकी भीती वाटली.

आणि मग ती गल्ली. जुन्या दोन-तीन मजली इमारती, रस्ता अरुंद, दिसायला काही खास नाही. मी खाली उभा राहून वर बघतोय तोच पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही आजी, असंच."

"असंच म्हणजे?"

"घर बघतोय."

"रात्री अकराला?"

समोरच्या खिडकीत बनियनवाले एक काका उगवले. "काय झालं हो?"

"हा म्हणतोय घर बघतोय."

"कुणाचं?"

एक मुलगा स्कूटर लावत होता तो लावता लावता थांबला. शेजारच्या इस्त्रीच्या दुकानातून एक डोकं बाहेर आलं. मी सांगितलं, भाड्याने पाहिजे, बदली झालीय, ऑफिस अमुक ठिकाणी. आजींनी विचारलं एकटाच का, म्हटलं नाही, बायको आहे. "मग तिला का नाही आणलंस?" मी म्हणालो, "आणलंय ना, ती तिकडे कोपऱ्यावर रस्त्याचे दिवे मोजतेय."

सगळे गप्प झाले. माझ्याही लक्षात आलं की हे बोलायला नको होतं. एक जण घरं बघतोय, दुसरी दिवे मोजतेय, वेळ रात्री अकराची, त्यांच्या जागी मी असतो तर मीच पोलिसांना फोन केला असता. काकांनी तर शर्ट घालायला सुरुवात केली होती. तेवढ्यात ही आली आणि वर बघून म्हणाली, "आजी, तो शेवटचा दिवा बंद आहे." आणि आजींचा सूरच पालटला, "अगं तेच सांगतेय मी पंधरा दिवस, कोणी ऐकेल तर शपथ!" पुढची दहा मिनिटं त्या दोघी बोलत होत्या आणि मी हात खिशात घालू की बाहेर ठेवू या विचारात.

परत येताना बायको म्हणाली, "हीच गल्ली." जेन जेकब्स नावाच्या न्यूयॉर्कच्या बाईंनी १९६१ सालीच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर लागलेले लोकांचे डोळे, पोलीस नंतर. आमच्या गल्लीत तर डोळ्यांच्या जोडीला तोंडंही होती.

घर तिथेच दुसऱ्या मजल्यावर मिळालं, आजींच्या बरोबर डोक्यावर. भाडं पगाराच्या ३४ टक्के, वरचे चार टक्के मी मनातल्या मनात वॉचमनचा पगार म्हणून लिहून टाकले. घर घ्यायच्या आधी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲपही लावून बघितलं, कारण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी सांगितलंय की रात्री घराबाहेरचा आवाज ४० डेसिबलच्या आत असावा. ॲपने ५० च्या वर दाखवला. त्यातल्या आजी किती आणि रहदारी किती ते वेगळं करता आलं नाही.

राहायला येऊन आता चार महिने झाले. सेफ म्हणजे किती सेफ, तर मी काल किती वाजता आलो ते मला आठवत नसेल तर खाली विचारायचं. आमचं पार्सल येतं ते आजींकडे, आणि ते जड आहे का हलकं हे वर येण्याआधी काकांना कळलेलं असतं. शेवटचा दिवा लागला, बायको आणि आजी दोघींनी मिळून तक्रारी करून करून लावून घेतला. माझी मात्र पंचाईत अशी की उशीर झाला तर घरात एकदा आणि जिन्यात एकदा असं दोनदा कारण सांगावं लागतं, आणि दोन्हीकडे सेम सांगावं लागतं.

ब्रोकरने इथलीही जाहिरात तशीच टाकली होती, बसस्टॉप हाकेच्या अंतरावर. मी पहिल्याच दिवशी चालून बघितलं, पावणेचार मिनिटं, म्हणजे जपानी हिशोबाने तीनशे मीटरच्या आसपास, तेव्हा म्हटलं चला, हाही थापाच मारतो. परवा सकाळी मी स्टॉपवर उभा, सात-आठ माणसं रांगेत, बस वळणावर दिसायला लागलेली, आणि मागून, अगदी स्वच्छ, एकेक अक्षर सुटं ऐकू आलं, "अहो, दुसऱ्या मजल्यावरचे! बाथरूमचा नळ चालू राहिलाय!"

रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बस सोडली आणि परत फिरलो.