शेवट ठाऊक असला तर बिघडलं कुठे?

सर, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि तिखटही होती. दोन्हीबद्दल आभार. 'छान लिहिलंय' एवढंच टाकून पुढे जाणाऱ्यांना उत्तर तरी काय देणार?

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी अलीकडच्या इंग्रजी प्रेमकथा आणि फँटसी कादंबऱ्यांवर लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे. या सगळ्यांचा शेवट पहिल्या पानावरच कळतो, मग वाचायचं कशाला? राजघराण्यातल्या मुलीने कुठल्या तरी भलत्याच माणसावर जीव टाकावा, असलं कुठे घडतं? ड्रॅगन आणि पऱ्या हा परदेशी माल, आपली परंपरा वास्तवाची, मग त्याची परीक्षणं कोकणात बसून कोणी सांगितली आहेत? आणि शृंगार फार. शेवटी तुम्ही विचारलंत, 'मी निवृत्त मास्तर, यातलं एक तरी पुस्तक मी का वाचावं?' त्याचं उत्तर सगळ्यात खाली आहे. थेट तिथे गेलात तरी चालेल, पण जाणार नाही तुम्ही. मास्तर पेपर पहिल्या प्रश्नापासून तपासतात.

आधी शेवटाचं. तुमच्याकडे रत्नागिरीत नमन, आमच्याकडे वेंगुर्ल्यात दशावतार, दोन्ही कोकणातली लोकनाट्यं, आणि संकासुर राक्षस दोन्हीकडे. आमच्या दशावतारात तो वेद पळवतो आणि विष्णू ते परत आणतो. जत्रेच्या रात्री देवळासमोर बसलेल्या एकालाही वेद सापडतील की नाही याचा घोर नसतो. पुढे आख्यान लागलं की तेच. कुठला राजा जिंकणार हे आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. तरी माणसं पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत जागची हलत नाहीत, कारण त्या नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. कथानक तेवढं ठरलेलं. आज राजा झालेला नट समोरच्या राक्षसाला बोलण्यात कसा कोंडीत पकडतो, पखवाज चढला की युद्धात कोण कोणाला दमवतो, ते त्या रात्रीपुरतं, तिथल्या तिथे होतं. रंगला नाही खेळ, तर लोक तोंडावर सांगतात. शेवट चुकला असं मात्र कोणी म्हणत नाही.

रोमान्सचं गणित यापेक्षा वेगळं नाही. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने तर व्याख्याच करून ठेवली आहे: प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे शेवट कोणी लपवलेलाच नाही, तो वाचकाशी केलेला करार आहे. करार पाळला म्हणून लेखकाला बोल लावता येत नाही. तिथवर जाताना त्याने काहीच पणाला लावलं नसेल, तर मात्र जरूर लावावा.

एमिली हेन्रीची 'बीच रीड' (२०२०) घ्या. प्रेमकथा लिहिणारी जॅन्युअरी आणि गंभीर साहित्य लिहिणारा गस मिशिगनमधल्या एका तळ्याकाठी शेजारी येतात आणि पैज लावतात, की तिने त्याच्यासारखं लिहायचं आणि त्याने तिच्यासारखं. तुमचा-माझा हा वाद त्या दोघांनी घालून झाला आहे, आणि आपल्यापेक्षा जास्त गमतीने. ती दोघं एकत्र येणार हे मुखपृष्ठावरूनच कळतं. प्रश्न निराळाच आहे. जॅन्युअरीचे वडील वारलेत, आणि त्यांचं एक बाहेरचं प्रकरण होतं हे तिला ते गेल्यावर समजलंय. आई-बाबांच्या ज्या प्रेमाच्या भरवशावर तिने आयुष्यभर सुखान्त कथा लिहिल्या, तेच पोकळ निघालं. आता ही बाई सुखान्त लिहिणार कशी? पुस्तक मी त्यासाठी वाचलं. तो मुलगा तिला मिळतो की नाही, याची मला फारशी पर्वा नव्हती.

आणि शेवट दरवेळी टिकतोच असंही नाही. सारा जे. मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'चा पहिला भाग २०१५ साली आला. त्यात नायिका फेअरा आणि नायक टॅमलिन शेवटी एकत्र येतात, वाचक मनातल्या मनात पेढे वाटतात. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला आणि लेखिकेने टॅमलिनचा तोच वाडा फेअरासाठी पिंजरा करून टाकला. पहिल्या पुस्तकातला नायक दुसऱ्यात नायक उरत नाही. मासबाईंचं गद्य मला जड जातं. माणसं सारखी गुरगुरत असतात. पण स्वतःच दिलेला सुखान्त स्वतःच्या हाताने मोडायला छाती लागते.

आता राजघराण्यातली मुलगी. सर, हे रत्नागिरीच्या माणसाने विचारावं?

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली तुमच्या गावात आणून ठेवलं. राजवाडा झाला १९१० मध्ये. त्याच्या आधीच, १९०६ साली, थोरल्या राजकन्येला, फया जीला, चाकरीतल्या गोपाळ सावंतापासून मुलगी झाली होती. गोपाळ आधीच संसारी माणूस. १९१६ मध्ये राजा वारला, पुढे कुटुंब ब्रह्मदेशाला परतलं. ही राजकन्या मात्र फिरून रत्नागिरीला आली, आणि १९४७ साली तिथेच, गरिबीत गेली. तिची मुलगी टूटू रत्नागिरीचीच झाली, मराठी बोलत म्हातारी झाली. ही गोष्ट कोणी कादंबरी म्हणून लिहून आणली असती, तर तुम्ही समासात लाल शाईने 'अशक्य' असं लिहिलं असतंत.

म्हणजे असं घडतं. करारातला शेवट तेवढा मिळत नाही. फया जीला जे मिळालं नाही ते कागदावर तरी कोणाला मिळू द्यावं, असं वाचणारीला वाटलं तर त्यात बालिश काय? मला त्यातला हट्ट आवडतो.

इथवर तुमच्याशी भांडले. माझीही या पुस्तकांबद्दल एक तक्रार आहे, आणि ती तुमच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे. तुम्ही बोट ठेवलंत ते शेवटावर. मी ठेवते ते किमतीवर.

आमच्याकडे आरवलीचा वेतोबा आहे, जयवंत दळवींच्या गावचा. रात्री गावाची राखण करत फिरतो असा लोकांचा विश्वास. म्हणून त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, आणि त्या चपलांचे तळ झिजतात असं भाविक सांगतात. देव झाला म्हणून काय झालं, राखण करायची तर चालावं लागतं आणि चाललं की चपला झिजतात. फँटसीचा याहून नेमका धडा मला कुठे सापडलेला नाही. देवचार वाट दाखवतो, पण त्याचा मान ठेवावा लागतो. चकव्यात सापडलं की उजाडेपर्यंत एका जागी बसून राहावं लागतं. आमच्या भुताखेतांत फुकट काही नाही.

या मापाने रेबेका यारोसची 'फोर्थ विंग' (२०२३) मोजते. व्हायोलेट ही सेनापती बाईची मुलगी. हाडं नाजूक, सांधे केव्हाही निखळणारे. आई तिला ड्रॅगनस्वारांच्या विद्यालयात ढकलते, जिथे प्रवेशालाच एक अरुंद दगडी कठडा ओलांडावा लागतो आणि तिथून पडणारं पोर सरळ मरतं. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस हा सांधे सैल करणारा आजार आहे, आणि ते जाणवतं. बांधलेले गुडघे, न थांबणारा ठणका, ड्रॅगनच्या पाठीवर टिकून राहायला लागणारं खास खोगीर. हे सगळं उसनं वाटत नाही. पुस्तकाचा हा भाग मी एका बैठकीत वाचला. इथे प्रत्येक पावलाला किंमत आहे.

मग तिला ड्रॅगन मिळतात, एक सोडून दोन. त्यातल्या एकामुळे वेळ थांबवता येते, दुसऱ्यामुळे वीज पाडता येते. चपला झिजायच्या थांबतात. आणि (ज्यांना वाचायचं आहे त्यांनी पुढची चार वाक्यं सोडावीत) शेवटच्या पानावर तिचा मेलेला भाऊ जिवंत निघतो. मला राग आला तो इथे. आमच्याकडेही मेलेला माणूस परत येतो, पण तो काहीतरी मागायला येतो, राहिलेलं, द्यायचं असलेलं. हा भाऊ पुढच्या भागाची जाहिरात करायला आलाय. अर्थात माझ्या रागाने यारोसबाईंचं काही अडत नाही. मालिकेचा तिसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या २७ लाख प्रती खपल्या.

किंमत म्हणजे मोठी लढाईच हवी असंही नाही. ट्रॅव्हिस बॅल्ड्रीच्या 'लेजेंड्स अँड लाटेज' (२०२२) मध्ये विव्ह नावाची ऑर्क (फँटसीतली एक दांडगी, राक्षसी जमात) बाई तलवार खुंटीला टांगते आणि ज्या गावाने कॉफी कधी चाखलेली नाही तिथे कॉफीचं दुकान काढते. जगबिग काही वाचवायचं नसतं. आयुष्यभराची कमाई त्या दुकानात घातलेली असते, एवढंच. ते दुकान संकटात येतं तेव्हा मला ड्रॅगनच्या लढाईपेक्षा जास्त धडधडलं.

परदेशी मालाबद्दल फार लिहीत नाही. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. बाहेरून आलेला माल उतरवून घेऊन त्याची पारख करणं आमच्या गावाला नवं नाही. आणि 'आपली परंपरा वास्तवाची' हे तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, विधवांच्या दुःखाची. तिच्या मागोमाग १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला' आणि १८६८ मध्ये रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, आणि या दोन्ही अद्भुतरम्य. म्हणजे मराठी कादंबरी पहिल्या दहा-बारा वर्षांतच दोन्ही वाटांनी चालायला लागली होती. तुम्ही रोज सकाळी ज्या नगर वाचनालयात पेपर वाचायला जाता, ते १८२८ चं. या तिन्ही पुस्तकांपेक्षा ते वयाने मोठं आहे.

एक मात्र मलाही खुपतं. राखणदार, देवचार, वेतोबा एवढा ऐवज घरात असताना त्यांच्या जगातली, किंमत मोजून मिळालेल्या प्रेमाची मराठी कादंबरी मला वाचायला मिळत नाही. भीतीसाठी आणि विनोदासाठी ही मंडळी राबतात, प्रेमकथेत त्यांना कोणी बोलावत नाही. कोणी लिहिली असेल तर कळवा, इंग्रजीतलं सगळं बाजूला ठेवून आधी ती वाचेन.

शृंगार. लेखात मी 'प्रौढांसाठी' असं लिहिलं होतं, दुसऱ्याच परिच्छेदात आहे. राहिला अश्लीलतेचा मुद्दा, तर हालाची गाथासप्तशती आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातल्या बायका जे सूचकपणे बोलून जातात ते आजही वर्गात मोठ्याने वाचायची पंचाईत. फरक इतकाच की ती गाथा दोन ओळींत संपते. मासबाईंचा प्रसंग पानंच्या पानं चालतो, आणि तेवढा वेळ कथा दाराबाहेर ताटकळत उभी असते. माझी हरकत कंटाळ्याला आहे.

तर आता तुमचा शेवटचा प्रश्न. व्ही. ई. श्वाबची 'द इन्व्हिजिबल लाइफ ऑफ ॲडी लरू' (२०२०) वाचा. फ्रान्समधलं एक खेडं, साल १७१४. ॲडीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध लागत असतं. गावातल्या म्हातारीने तिला बजावून ठेवलेलं असतं, की अंधार पडल्यावर जे देव ओ देतात त्यांना कधी हाक मारायची नाही. माझी आजी उलट्या बाजूने हेच सांगायची: 'तिन्हीसांजेक हाक इली तरी ओ देवू नको.' ॲडी हाक मारते. तिला न संपणारं आयुष्य मिळतं, आणि त्याची किंमत अशी की तिला भेटलेला माणूस, ती नजरेआड झाली की, तिला विसरतो. तिला स्वतःचं नाव उच्चारता येत नाही, कागदावर एक अक्षर उमटवता येत नाही. तीनशे वर्षं ती अशी काढते. मग २०१४ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका पुस्तकाच्या दुकानात, एक मुलगा तिला म्हणतो की तू मला आठवतेस. त्याला ती का आठवते, याचीही किंमत कोणीतरी मोजलेली आहे.

ड्रॅगन नाहीत. शृंगार आहे, पण थोडा, आणि कथा थांबवून नाही. मधे पुस्तक जरा रेंगाळतं, एकाच प्रकारच्या रात्री पुन्हा पुन्हा येतात. तिथे खाली ठेवू नका. शेवट सांगत नाही. करारातला तो नाही एवढं सांगते, म्हणजे पहिल्या पानावर ओळखून दाखवायला तुम्हाला वाव राहील. ओळखलात तर इथेच खाली लिहा. नाही ओळखलात तरी लिहा.