विद्यापीठाची जुनी संगणक प्रणाली बदलताना: काही अनुभवसिद्ध सूचना

नजीकच्या काळात एखाद्या विद्यापीठाच्या संगणकीकरण समितीवर आपली वर्णी लागणार असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. पात्रता, परीक्षा, गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रे ही कामे आज ज्या प्रणालीवर चालतात ती बदलायलाच हवी, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. ती लिहिणारे गृहस्थ केव्हाच निवृत्त झालेले असतात आणि ऐन निकालाच्या हंगामात ती अडून बसली की त्यांना घरून बोलावून आणावे लागते. ती नेमकी कशी बदलावी, याचे ज्ञान मला गेल्या महिन्यात भाचीच्या ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे परदेशातील प्रवेशासाठी लागणाऱ्या एकत्रित गुणांच्या दाखल्याच्या, निमित्ताने एका विद्यापीठात प्राप्त झाले. ज्ञान दिल्याने वाढते म्हणतात, म्हणून ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

सर्वप्रथम उद्घाटनाची तारीख निश्चित करावी. प्रणाली त्यानंतर सवडीने तयार झाली तरी चालते. फीत कापणाऱ्या पाहुण्यांची वेळ मिळणे ही खरी अडचण असते, आणि त्यांच्यासमोर पडद्यावर दाखवण्यापुरते एक पान सुरू असले की समारंभ निर्विघ्न पार पडतो. चाचणीची चिंता नको. ती पुढे विद्यार्थी करतातच, आणि तीही स्वतः शुल्क भरून. या पद्धतीला आपल्या राज्यात भक्कम पूर्वपरंपरा आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सर्व शाखांच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात होत्या आणि परीक्षांचा हंगाम सुरू असताना कंत्राट मार्गी लागत होते. स्कॅन केलेली पाने सरमिसळ झाली, काही उत्तरपत्रिका सापडेनात, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे निकाल तीस दिवसांत आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत जाहीर करायचा असतो. पण तो कायदा अमलात येऊन तेव्हा जेमतेम काही महिनेच झाले होते, त्यामुळे तो कोणाच्या वाचनात आला नसल्यास समजून घेता येते.

प्रणालीचा आराखडा ठरवताना खिडकीमागे बसणाऱ्या लिपिकाला चुकूनही विचारू नये. एटीकेटी असलेला विद्यार्थी महाविद्यालय बदलून आला तर त्याचे आधीचे गुण कोठून घ्यायचे, पुनर्मूल्यांकनात वाढलेला गुण जुन्या गुणपत्रिकेवर कसा चढवायचा, बंद झालेल्या अभ्यासक्रमाची शेवटची संधी घेणाऱ्याला कोणत्या वर्षात दाखवायचे, हे सारे त्याला पाठ असते, आणि बैठकीत असले प्रश्न निघाले की सादरीकरणाचा ओघ तुटतो. त्याला बाहेर ठेवल्यास काम अडते असेही नाही. मी ज्या खिडकीवर उभा होतो तेथे नव्या कोऱ्या संगणकाच्या शेजारी लाल कापडी बांधणीची एक जाडजूड नोंदवही होती. बाईंनी आधी संगणकावर भाचीचा क्रमांक घातला, पडद्यावर चक्र फिरत राहिले, तेव्हा त्यांनी शांतपणे नोंदवही ओढली, बोट थुंकीने ओले करून पाने उलटली आणि अर्ध्या मिनिटात नोंद काढून दाखवली. संगणकाचे चक्र तेव्हाही फिरतच होते.

हेल्पलाइनचा क्रमांक ठळक अक्षरांत छापावा आणि फोन कधीही उचलू नये.

अर्जाच्या अखेरच्या दिवशी संकेतस्थळ देखभालीसाठी बंद ठेवण्याची प्रथा सर्वत्र आहेच, ती मोडू नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ती विद्यार्थ्यांच्या नावांविषयी आहे. जुन्या प्रणालीतली माहिती नव्या प्रणालीत नेताना ती एका रात्रीत, कोणाला न दाखवता आणि मूळ प्रतीशी ताडून न पाहता न्यावी. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव लिहिण्याची रीत पडली आहे. नवी प्रणाली मात्र जेथे तयार होते तेथे पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीनच रकाने असतात, आणि चार नावे तीन रकान्यांत बसवण्याचे काम संगणक बिनबोभाट उरकतो. माझ्या भाचीच्या बाबतीत तिचे आडनाव हे तिचे नाव झाले, तिचे स्वतःचे नाव व वडिलांचे नाव एकत्र होऊन मधल्या रकान्यात गेले आणि माझ्या बहिणीचे नाव तिच्या लेकीचे आडनाव म्हणून विराजमान झाले. देवनागरीतील नावाची तर आणखी मौज आहे. जुनी मराठी नोंद युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये केलेली असते, म्हणजे आत इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात आणि फाँट त्यांना मराठीचे रूप देतो. तो फाँट काढून घेतला की मागे उरतात ती कंस, स्वल्पविराम आणि टक्क्याची चिन्हे. नव्या पोर्टलवर ‘नाव (मराठी)’ या शीर्षकाखाली भाचीचे जे काही दिसत होते ते उच्चारता येण्यासारखे नव्हते.

एवढ्यावर थांबू नये. दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन ठेवावा आणि त्यात ‘नावात बदल होण्याचे कारण’ हा रकाना अनिवार्य करावा. त्यात तीन पर्याय द्यावेत: विवाह, घटस्फोट आणि राजपत्रातील अधिसूचना. ‘विद्यापीठाची चूक’ हा पर्याय ठेवू नये, कारण तसा पर्याय ठेवला तर लोक तो निवडतील. आमच्या घरी या तिन्ही पर्यायांवर गांभीर्याने विचार झाला. त्यातला दुसरा पर्याय पहिल्याशिवाय उपलब्ध नाही, एवढे निश्चित झाले. अखेरीस ‘राजपत्र’ निवडून मजकुराच्या जागी खरी हकीकत लिहिली, तर अधिसूचनेची प्रत जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. खिडकीवर विचारले तेव्हा मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून आणण्यास सांगण्यात आले. कशाचे प्रतिज्ञापत्र? तर मी माझे नाव कधीही बदललेले नाही, याचे. ज्या मुलीची दहावीची, बारावीची आणि पदवीच्या सहाही सत्रांची छापील गुणपत्रिका एकाच नावाने याच विद्यापीठाच्या व मंडळाच्या शिक्क्यासह समोर पडली आहे, तिने शपथेवर सांगायचे की मी मीच आहे. आणि ज्यांनी एका रात्रीत तिचे नाव उलटेपालटे केले, त्यांनी कशावरही सही करायची नाही. वर नाव दुरुस्तीचे शुल्क आहे. चूक कार्यालयाची, शपथ मुलीची, शुल्क बापाचे, आणि परदेशातील प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही!

शुल्कावरून आठवले. पैसे खात्यातून कापले जावेत आणि पावती येऊ नये, ही व्यवस्था उत्तम आहे. ती तशीच राहू द्यावी.

कागद मात्र सोडू नये. अर्ज ऑनलाइन भरून घ्यावा, त्याची छापील प्रत काढायला लावावी, तिच्यावर प्राचार्यांची सही व गोल शिक्का घ्यायला लावावा, ती पुन्हा स्कॅन करून चढवायला लावावी आणि मूळ प्रत खिडकीवर जमा करून घ्यावी. यालाच कागदविरहित कामकाज म्हणतात, असे परिपत्रकात नमूद आहे. डिजिलॉकर ही कागदपत्रे मोबाइलवर ठेवण्याची सोय केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केली आणि त्यातील पदव्या व गुणपत्रिका वैध दस्तऐवज म्हणून स्वीकाराव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये विद्यापीठांना कळवले. हे पत्र बहुधा आवक विभागात असावे. मी मोबाइलवर गुणपत्रिका उघडून दाखवली तेव्हा खिडकीवरून उत्तर मिळाले, “याची झेरॉक्स आणा, साक्षांकित करून.”

सूचना आणखी बऱ्याच देता आल्या असत्या, पण खरे सांगायचे तर यात गंमत करण्यासारखे काहीही नाही. माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेताना नमुना घेऊन ताडून पाहायची, काही काळ जुनी व नवी प्रणाली शेजारी शेजारी चालवून दोन्हींचे निकाल जुळतात का ते बघायचे आणि मगच जुनी बंद करायची, हे संगणकशास्त्राच्या पदवीला तुम्हीच शिकवता. त्यावर प्रश्न काढता, गुण देता आणि मुलांना नापासही करता. तुमच्याच आवारात तो विभाग आहे. तेथील एका प्राध्यापकाला किंवा चार विद्यार्थ्यांना बोलावून प्रणाली उद्घाटनाआधी आठवडाभर वापरायला दिली असती तर चार नावांचा घोळ पहिल्या दिवशी उघड झाला असता. तुम्ही ते केले नाही, कारण या खिडकीवर तुमच्यापैकी कोणाला कधी उभे राहावे लागत नाही. निविदा निघाली, देयक अदा झाले, वार्षिक अहवालात छायाचित्र छापून आले, आणि तुमच्यापुरता विषय संपला. त्या बाई अजूनही लाल नोंदवहीतून विद्यापीठ चालवत आहेत आणि लोकांच्या शिव्या त्याच खात आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘कर्मचारी बदलाला तयार नसतात’ असे म्हणण्याचा निर्लज्जपणा तरी निदान करू नका. त्यांना नव्या प्रणालीचे प्रशिक्षण किती तास दिले, ते आधी सांगा.

ज्यांची नावे तुमच्या प्रणालीने बिघडवली त्यांची यादी तुमच्याकडे आहे, कारण त्यांच्या मूळ गुणपत्रिका तुम्हीच छापल्या आहेत. ती काढा. विद्यार्थ्यांनी अर्ज करण्याची वाट न पाहता नावे स्वतःहून दुरुस्त करा, घेतलेले दुरुस्ती शुल्क परत करा आणि त्या रकान्यात ‘विद्यापीठाची चूक’ हा चौथा पर्याय घाला. तेवढे होईपर्यंत कोणाकडूनही प्रतिज्ञापत्र मागू नका.